जुन्या गाडीचा ब्रेक पाइप पुन्हा पुन्हा फुटतोय? नवा पाइप कशाचा घ्यावा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. पॅडल अचानक मऊ लागतं आणि खाली जातं, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरलेली असते, मागच्या एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतो. गंजलेला पाइप जिथे फुटला तेवढा तुकडा कापून नवा जोडला जातो, एअर (ऑइलमध्ये शिरलेली हवा) काढली जाते, ब्रेक पुन्हा टणक लागतो. काही महिने बरे जातात. मग तोच पाइप हातभर पुढे फुटतो, नाहीतर दुसऱ्या चाकाचा जातो.

हे थांबवायचं तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: किती पाइप बदलायचा आणि कशाचा बदलायचा. लोक धातूवर तासन् तास चर्चा करतात आणि लांबीचा विचारच करत नाहीत. माझं मत असं की गंजून फुटलेल्या पाइपाला तुकडा लावूच नये, एका मूळ जोडापासून दुसऱ्या मूळ जोडापर्यंत अख्खा पाइप बदलावा. आणि साध्या हत्यारांनी फ्लेअर मारून (म्हणजे पाइपाचं तोंड जोडात बसेल असं उघडून) पाइप बसवायचा असेल तर तो कॉपर-निकेलचा घ्यावा. असं का म्हणतो ते खाली लिहितो.

त्याआधी एक सांगणं. पाइप फुटलेली गाडी 'हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो' म्हणून रस्त्यावर काढू नका. बहुतेक गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटं असतात, पुढची-मागची वेगळी किंवा तिरकी जोडलेली, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं थोडाफार ब्रेक देतं. पण उरलेलं सर्किट तेवढंच जुनं आहे. आणि आता प्रत्येक वेळी पॅडल जास्त जोराने दाबलं जाणार, म्हणजे जास्त दाब त्याच गंजलेल्या पाइपावर येणार. गाडी ओढून न्या.

तुकडा लावून का भागत नाही

ब्रेकचा नेहमीचा पाइप बाहेरून ४.७५ मिमी जाडीचा, म्हणजे ३/१६ इंची असतो आणि त्याची भिंत साधारण ०.७ मिमी. जोरात ब्रेक मारला की आत १०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब तयार होतो. नवा पाइप याच्या कित्येक पट दाब सहज झेलतो, त्यामुळे दाबाने पाइप फुटला असं म्हणणं अर्धवट आहे. गंजाने भिंत खाऊन कागदासारखी झालेली असते, दाब फक्त शेवटचं काम करतो.

हा गंज जवळजवळ नेहमी बाहेरून येतो आणि ठरावीक ठिकाणी बसतो. पाइप चासीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या आत, इंधन टाकीच्या वर, मागच्या अ‍ॅक्सलवर, जिथे चिखल साचतो आणि वाळायला दिवस लागतात तिथे. उघडा, हवा लागणारा भाग वरून लालसर दिसला तरी बऱ्याचदा आत ठीक असतो. खरी परिस्थिती पाहायची तर एक क्लिप सोडवा. क्लिपेच्या आत गंजाचे पापुद्रे एकावर एक चढून पाइप फुगल्यासारखा जाड दिसतो. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने ते पापुद्रे हलकेच सोडवले की खाली पाइपाचा घेर बारीक झालेला असतो आणि पृष्ठभागावर खड्डे पडलेले असतात. नुसता लालसर रंग कापडाने पुसला जातो आणि खाली धातू गुळगुळीत लागतो. पापुद्रे आणि खड्डे दिसले की तो पाइप संपला. खरवडताना तिथेच फुटला तर बरंच झालं, तो उभ्या गाडीत फुटला.

आता विचार करा: एका क्लिपेत हे झालंय, तर त्याच पाइपावरच्या बाकी क्लिपांत काय असेल? त्याही तेवढेच पावसाळे आणि तेवढाच चिखल खाऊन बसल्या आहेत. शिवाय नवा तुकडा जोडताना जुना पाइप हलवावा, वाकवावा, कापावा लागतो आणि त्या धक्क्यानेच पुढची कमजोर जागा उघडी पडते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या गंजलेल्या ब्रेक पाइपांची चौकशी केली होती. सुमारे ५० लाख गाड्या त्या चौकशीत होत्या. २०१५ मध्ये ती बंद करताना त्यांनी निष्कर्ष काढला की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजून पाइपांचं आयुष्य संपलं होतं. मालकांना दिलेला सल्ला मात्र सगळ्यांच्या उपयोगाचा आहे: पापुद्रे सुटलेले दिसले तर फक्त एक भाग न बदलता अख्खी पाइपजोडणी बदला, कारण एका ठिकाणची गळती बाकीच्या पाइपाची अवस्था सांगते.

कोणता धातू

साधा स्टीलचा पाइप हा बहुतेक गाड्यांचा मूळ पाइप. पातळ पत्रा दोन वेढे गुंडाळून आत तांब्याने झाळलेला असतो, म्हणून त्याला दुहेरी भिंतीचा पाइप म्हणतात. एसएई या अमेरिकी वाहन-अभियंता संस्थेचं जे५२७ हे त्याचं मानक. ताकदीला उत्तम, दगड लागला तरी सहज चेपत नाही, फ्लेअर नीट येतो. अडचण एकच, वरचा थर गेला की गंजतो. नुसत्या जस्ताचा थर असलेला स्वस्त पाइप आणून लावला तर तुम्ही त्याच तक्रारीची पुढची तारीख ठरवून ठेवलीत असं समजा.

त्याच स्टीलवर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि वर नायलॉन किंवा पीव्हीएफ प्लास्टिकचं आवरण असलेले पाइप मिळतात. नव्या गाड्यांत बहुधा हेच येतात आणि ते साध्या जस्तापेक्षा खूप जास्त टिकतात. तयार वाकवलेला, मूळ मापाचा असा पाइप तुमच्या गाडीसाठी मिळत असेल तर बिनधास्त घ्या. स्वतः वाकवणार असाल तर मात्र काळजी आहे. बेंडरचा दाब, पक्कडीचा दात, चासीच्या कडेला झालेली घासाघीस, यातल्या कशानेही आवरणाला चरा पडला की गंज तिथूनच सुरू होतो आणि आवरणाच्या खाली सरकत जातो. नायलॉनचं जाड आवरण फ्लेअर मारण्याआधी टोकाला सोलून काढावं लागतं. ते नटच्या मागे जास्त सोललं गेलं तर उघडं पडलेलं स्टील बरोबर सगळ्यात वाईट जागी राहतं.

कॉपर-निकेल हा माझ्या मते गंजक्या जुन्या गाडीसाठी सगळ्यात समजूतदार पर्याय. साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि त्यात थोडं लोखंड व मँगनीज. समुद्राचं खारं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांसाठी हीच मिश्रधातू वापरतात, तेव्हा चिखल-मिठाची तिला फारशी मातब्बरी नाही. व्होल्व्होने १९७६ पासून आपल्या गाड्यांत हा पाइप वापरायला सुरुवात केली, म्हणजे हे कुणाच्या डोक्यातलं नवं खूळ नव्हे. हाताने वाकतो, परत थोडा सरळ करता येतो, साध्या फ्लेअरिंग हत्यारावर सुबक तोंड येतं आणि बसायला मऊ असल्यामुळे जोड पहिल्या खेपेला बंद होतो. माझ्यासाठी हा शेवटचा मुद्दा गंजरोधकतेइतकाच मोठा आहे. ब्रेकचा पाइप मधेच फुटतो तसाच तो टोकालाही गळतो, आणि टोक किती चांगलं येईल हे तुमच्या हातातल्या हत्यारावर ठरतं.

'मऊ आहे म्हणजे दाबाने फुगेल' ही भीती मात्र निराधार आहे. योग्य भिंतीचा कॉपर-निकेल पाइप ब्रेकच्या दाबाच्या कित्येक पट सहन करतो. घेताना एसएई जे१०४७ किंवा त्याच्या बरोबरीच्या मानकाचा उल्लेख आणि भिंतीची जाडी पाहा. मऊपणाचा खरा तोटा निराळा आहे: दगडाने चेपतो आणि आधार लांब अंतरावर असेल तर थरथरतो. चाकाच्या मागे आणि अ‍ॅक्सलवर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं कवच चढवा, आणि मूळ सगळ्या क्लिपा परत लावा. दोन क्लिपा कमी लावून चालतं असं इथे नाही.

स्टेनलेस स्टील दिसायला देखणं, म्हणून लोक आधी त्याच्याकडे वळतात. गंज म्हणाल तर बाहेरून नाही; पण क्लिपेच्या आत मिठाचं पाणी अडकून राहिलं तर त्यालाही बारीक खोल खड्डे पडू शकतात. मोठी अडचण त्याचा कडकपणा. साध्या हत्यारावर फ्लेअर तडकतो किंवा गोल येत नाही, आणि आला तरी कडक तोंड जुन्या बैठकीवर (जोडात ते टेकतं त्या जागेवर) नीट बसत नाही, थेंब थेंब पाझरत राहतं. मग माणूस नट अजून आवळतो, बैठकच खराब होते, आणि आता व्हील सिलिंडरही (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) बदलायची वेळ येते. कारखान्यात फ्लेअर मारलेला, तुमच्या गाडीच्या मापाचा तयार संच मिळत असेल आणि सिलिंडर, कॅलिपर (डिस्क ब्रेकचा जबडा) नवे असतील तर स्टेनलेस लावायला हरकत नाही. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये.

शुद्ध तांब्याचा पाइप दिसायला कॉपर-निकेलच्या जवळचा, म्हणून दुकानात घोटाळा होतो. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि कालांतराने तडकू शकतं. त्याची ताकदही कमी. काही देशांत तो चालतो, अनेक ठिकाणी नियमात बसत नाही. जेव्हा तितकंच सोपं काम करणारा कॉपर-निकेल मिळतो तेव्हा तांबं घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. ओळख अशी की ताजं कापलेलं तांबं लालबुंद दिसतं, कॉपर-निकेलमध्ये फिकट गुलाबी-रुपेरी झाक असते आणि वाकवताना हाताला ते जास्त ताठ लागतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे त्याने फक्त साधं स्टील वेगळं काढता येतं.

अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, एसी-फ्रिजचा तांब्याचा पाइप, इंधनाची नळी: यातलं काहीही ब्रेकला लावू नका, एका दिवसापुरतंही नाही.

आटे आणि तोंड: इथेच जास्त कामं बिघडतात

पाइप आणण्याआधी जुना पाइप काढून त्याचं टोक नीट पाहा. दोन प्रकारचे फ्लेअर सर्रास दिसतात. एक दुहेरी फ्लेअर: पाइपाचं तोंड ४५ अंशात फनेलसारखं उघडलेलं आणि कड आत दुमडलेली. दुसरा बबल फ्लेअर, आयएसओ ४०३८ या मानकातला: तोंडाशी फुगा, मागची बाजू सपाट. दोघांच्या बैठका वेगळ्या, नटही वेगळे. दुहेरीच्या बैठकीत बबल बसवला तर आवळताना 'बसला' असं वाटतं, पण तो बंद होत नाही. नुसतं एकेरी फनेल, म्हणजे कड न दुमडता उघडलेलं तोंड, ब्रेकला कधीच चालत नाही, ते उभं चिरतं.

आट्यांचं तर याहून फसवं आहे. एम १० × १ आणि ३/८ इंच-२४ हे दोन नट शेजारी ठेवले तर डोळ्याला जवळपास सारखे. पण ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, आट्यांची चालही थोडी निराळी. इंची नट मेट्रिक भोकात सहज फिरत जातो, सैल लागतो, आणि नेमका शेवटी आवळताना आटे सोडतो. उलट मेट्रिक नट इंची भोकात शिरतच नाही आणि माणूस जोर लावून तो तिरका चढवतो. नट कायम आधी बोटांनी फिरवा. तीन-चार फेरे बोटाने सहज गेले, आडवा हलवून पाहिला तर खुळखुळला नाही, तरच पाना लावा. एकाच गाडीत मास्टर सिलिंडरला (पॅडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरला) एक माप आणि मागे दुसरं असू शकतं, तेव्हा प्रत्येक टोक वेगळं तपासा.

फ्लेअर मारताना पाइप पाइप-कटरनेच कापा, हेक्सॉ ब्लेडने तोंड तिरकं येतं आणि भुगा आत जातो. आतली बर (कापताना उठलेली धारदार कड) काढा, तोंड कानशीने काटकोनात घ्या, फुंकून साफ करा. नट आधी ओवा. योग्य दिशेने ओवलाय ना ते परत एकदा पाहा. मग हत्याराच्या जबड्यात पाइप ठरलेल्या उंचीवरच धरा. कॉपर-निकेलवर स्टीलइतका जोर लावायचा नसतो, जास्त दाबलं तर कड पातळ होते. झालेलं तोंड भिंगाखाली पाहिलंत तर कड सगळीकडे सारख्या रुंदीची हवी, मधलं भोक केंद्रात हवं, कुठेही केसभर चीर किंवा जबड्याचा चरा नको. मनासारखं नाही आलं तर कापून पुन्हा मारा. म्हणूनच पाइप मापापेक्षा थोडा लांब ठेवावा.

आणि ती पितळी कॉम्प्रेशन फिटिंग, जी फ्लेअर न मारता रिंग चिमटून दोन पाइप जोडते, ती पाण्याच्या किंवा कमी दाबाच्या हवेच्या कामाची आहे. ब्रेकच्या दाबाला पाइप त्यातून निसटू शकतो. मधे जोड द्यावाच लागला, समजा एका दमात पाइप घालायला जागाच नाही, तर दोन्ही टोकांना फ्लेअर मारून ब्रेकसाठी बनवलेलं युनियन लावा, तेही सहज दिसेल अशा जागी.

बसवताना

जुना पाइप शक्यतो तुकडे न करता काढा, तोच नव्याचा नमुना. गंजलेल्या नटावर उघडा पाना लावला की त्याचे कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना वापरा, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाइप टाकायचाच आहे, तर नटच्या लगत तो कापून टाका आणि सहा कोनी सॉकेट सरळ नटावर चढवा, यासारखा सोपा मार्ग नाही. ज्योतीने तापवण्याच्या फंदात पडू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं आणि सिलिंडरमधली रबरं जातात.

पाइप उघडा असताना डबी रिकामी होऊ देऊ नका, विशेषतः एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली की काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. एक सोपी युक्ती: पॅडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून काठीच्या टेकूने तसंच धरून ठेवा. मास्टर सिलिंडरमधली छिद्रं त्याने बंद होतात आणि ऑइल खाली गळत नाही. ब्रेक लाइट मात्र पेटलेले राहतात, म्हणून बॅटरीची तार सोडा.

नवा पाइप मूळ वाटेनेच न्या. सायलेन्सरपासून लांब, कुठल्याही कडेला न घासता, इंजिनाकडच्या बाजूला मूळ पाइपाला जो वेढा होता तो तसाच ठेवून. तो वेढा थरथर खाऊन टाकण्यासाठी असतो, पाइप वाचवायला तो सरळ करू नये. क्लिपा घासून स्वच्छ करा किंवा नव्या घ्या, आत गंजाचा भुसा तसाच ठेवून नवा पाइप दाबू नका. पाइप अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला थेट टेकत असेल तर मधे रबर किंवा प्लास्टिकची क्लिप हवीच, तांब्याच्या मिश्रधातूशेजारी अ‍ॅल्युमिनियम ओलीत खाल्लं जातं. नटच्या मागच्या तोंडाशी, पाइप आत शिरतो तिथे, थोडं ब्रेकचं रबर ग्रीस भरा म्हणजे पाणी आत बसत नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात नको. हा जोड आट्यांवर बंद होत नाही, फ्लेअरवर होतो. टेपचा धागा मात्र सुटून आत जाऊ शकतो.

याच वेळी चाकाजवळचे रबरी होजही पाहून घ्या. पाइप जितका जुना तितकेच तेही. वाकवल्यावर चिरा दिसल्या तर बदला. ऑइल नवं, बंद डब्यातलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उकळबिंदू नव्यात किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो, म्हणून जुनं उरलेलं ओतू नये. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

एअर काढताना जुन्या गाडीत पॅडल फळीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या खोलवरच्या भागात पिस्टन वर्षानुवर्षं गेलेला नसतो, तिथे गंज आणि मळ असतो, आणि त्यावरून घासून सील फाटतात.

सगळं केलं तरी काहीतरी चुकतंय?

इंजिन चालू ठेवून पॅडल जोरात दाबा, मिनिटभर धरा, दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा.

जोडावर ओल आली तर लगेच आवळत सुटू नका. नट पूर्ण ढिला करून परत आवळा, असं दोनदा केल्याने तोंड बैठकीवर बसतं. तरी पाझरलं तर पाइप काढा आणि फ्लेअरवरचा ठसा पाहा. बैठकीचा वर्तुळाकार डाग पूर्ण गोल असेल तर बैठकीत चरा आहे. डाग एका बाजूलाच असेल तर फ्लेअर तिरका आहे.

पॅडल मऊ, भराभर दाबलं की वर येतं, बाहेर कुठेच ओल नाही: आत हवा आहे. सगळ्यात लांबच्या चाकापासून पुन्हा सुरुवात करा, गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा.

पॅडल टणक लागतं पण पाय तसाच ठेवला की हळूहळू बुडतं, ओल नाही, डबीतली पातळी तीच: मास्टर सिलिंडरची सीलं आत ऑइल सोडत आहेत. यात नव्या पाइपाचा दोष नाही, मास्टर सिलिंडर बदलावा लागेल.

ब्रेक सोडल्यावर एक चाक अडकून राहतं, तापतं: त्या चाकाचा रबरी होज आतून सुजलेला असू शकतो, मग तो ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. ब्लीडर निपल (चाकाजवळचा एअर काढायचा स्क्रू) उघडल्यावर चाक मोकळं झालं आणि होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडचा जोड ढिला केल्यावरही झालं, तर दोष पाइपात किंवा मास्टर सिलिंडरकडे शोधा. निपलने मोकळं होतं पण होजच्या अलीकडे ढिलं करून होत नाही, तर होज बदला.

मागच्या चाकांना ब्रेक लागतच नाही आणि मागे निपलमधून ऑइल फार कमी येतं: अ‍ॅक्सलजवळचा भार पाहून दाब वाटणारा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असू शकतो. गाडीचा मागचा भाग जॅकवर लटकता असेल तर हाच व्हॉल्व्ह मुळातच ऑइल अडवतो, म्हणून आधी चाकांवर भार देऊन पाहा.

आठवडाभर गाडी चालल्यावर सगळे जोड पुन्हा टिश्यूने पुसून पाहा आणि डबीतली पातळी खुणेशी ताडून घ्या. पातळी उतरली आणि जोड कोरडे असतील, तर ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा.